त्या रात्री काय झाले?

तेव्हाच्या औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात १० जुलै १९६३ रोजी चंद्रिकाबाई खोडवा बाळंत झाल्या. मुलगा झाला. बाळंतपणानंतर नसबंदी करून घ्यायची, हे त्या आधीच ठरवून आल्या होत्या. त्याप्रमाणे १३ जुलैला शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया तशी साधी. पण पाठोपाठ ताप चढला आणि पोटात कळा सुरू झाल्या. यजमानांनी धावपळ करून १५ तारखेला त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या एका नामांकित शल्यचिकित्सकांना आणून दाखवले. टाके उघडून पाहावेत असे त्यांनी सुचवले होते, हे कुटुंबाचे म्हणणे. टाके काही उघडले गेले नाहीत. १९ तारखेला प्रकृती हाताबाहेर गेली तेव्हा त्याच शल्यचिकित्सकांना पुन्हा बोलावले. त्यांनी पोट उघडले. आत पू साचला होता आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळचा मॉप, म्हणजे रक्त टिपायचा टॉवेल, आतच राहून गेला होता. २४ जुलैला चंद्रिकाबाई गेल्या.

कुटुंबाने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला. सरकारी रुग्णालयातल्या अशा गोष्टीसाठी सरकारला जबाबदार धरता येत नाही आणि निष्काळजीपणाही सिद्ध होत नाही, असे तिथे ठरले. मग दिल्ली. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाचा निकाल पुन्हा उभा केला. रुग्णालय चालवणे हे काही सैन्य बाळगण्यासारखे राजसत्तेचे काम नव्हे. तिथल्या नोकरांच्या हयगयीला सरकार जबाबदार आहे. आणि पोटात टॉवेल सापडल्यावर हयगयीचा निराळा पुरावा मागण्याचे कारण नाही, घटना स्वतःच बोलते, असा त्या निकालाचा आशय. 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने हा निकाल आज वकिलांच्या टेबलावर रोज उघडला जातो. १० जुलै १९६३ ला जन्मलेल्या कुणाचेही वय निकालाच्या दिवशी साडेबत्तीस वर्षे होऊन गेलेले होते.

हे जुने प्रकरण मला आठवण्याचे कारण आमच्या भंडाऱ्यातले आहे. माझी बहुतेक नोकरी बँकेत, त्यातली पुष्कळशी याच जिल्ह्यातल्या शाखांत गेली. सोनेतारणाच्या अर्जावर कर्जाचे कारण लिहायचा एक रकाना असतो. आमच्याकडे त्या रकान्यात तीनच कारणे आलटून पालटून यायची: रोवणी, लग्न आणि दवाखाना. पहिल्या दोन कारणांचे दागिने बहुधा सोडवले जायचे. तिसऱ्या कारणाचे कधी सुटायचे, कधी लिलावाच्या यादीत दिसायचे. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे कादंबऱ्यांविषयी बोलायला फारसे कुणी येत नाही, पण कागद दाखवायला लोक अजून येतात. बँकवाल्याला कागद कळतो, अशी त्यांची समजूत.

मोहाडीकडचे एक जुने खातेदार असेच आले. धानाची चार एकर शेती, दोन मुली. थोरलीचे पहिले बाळंतपण, म्हणजे रीतीप्रमाणे माहेरी. तालुक्याच्या एका खाजगी प्रसूतिगृहात दुपारी सिझेरियन झाले, मुलगी झाली, पेढे वाटले गेले. रात्री रक्तस्राव सुरू झाला. नागपूरला हलवा म्हणाले. गाडी मिळाली, साठ-सत्तर किलोमीटर गाठले, तिथल्या सरकारी दवाखान्यात भरती केले आणि पहाटे पोरगी गेली. वय २३. नात ठीक आहे, आजीजवळ वाढते आहे.

त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत जे होते ते असे: सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट, आशा सेविकेने भरलेले माता-बाल संरक्षण कार्ड, औषधांची बिले, प्रसूतिगृहाच्या बिलाची एक पावती, आणि नागपूरला पाठवतानाची एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर तारीख होती, सही होती, वेळ नव्हती.

गावात प्रत्येकाचा एक सल्ला होता. कुणी म्हणे पोलिसात जा, कुणी म्हणे शंभर माणसे घेऊन दवाखान्यासमोर बसा. एका मध्यस्थाने दोन लाखांत मिटवून देतो म्हणून निरोपही आणला होता. ते स्वतः म्हणत होते एवढेच की, "सायेब, मले पैसा नाही पायजे. त्या राती का झालं, ते कोणी सांगन का?"

दाव्याचा विचार करणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा मूळ प्रश्न हाच असतो, असे मला वाटते. नुकसानभरपाई हा कायद्याच्या भाषेतला शब्द आहे, कारण कायद्याला मोजायला काहीतरी लागते. घरच्यांना हिशेब हवा असतो तो तासांचा. प्रसूतिगृहातल्या त्या रात्री बापाला व्हरांड्यात बसवून ठेवले होते. आतून नर्स येई, 'ठीक आहे' म्हणे आणि जाई. नंतर डॉक्टरांनी एकच वाक्य सांगितले की नशीब खराब होते. ज्या दिवशी कुणीतरी समोर बसवून अर्धा तास नीट सांगितले असते, त्या दिवशी यातली निम्मी प्रकरणे कोर्टापर्यंत गेली नसती, अशी माझी समजूत आहे. डॉक्टर घाबरतात, बोललो तर कबुली होईल. आणि न बोलण्यातूनच संशय वाढतो.

मी त्यांना सांगितले ते बँकेच्या सवयीने. आधी कागद. रुग्णाला आणि त्याच्या माणसांना केसपेपर मागण्याचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली तसे स्पष्ट सांगितले आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी त्यावर मुदत घातली: मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे. याच नियमांनुसार भरती रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे सांभाळायची असतात. त्यानंतर ती सांभाळण्याची सक्ती नाही. म्हणून अर्ज तोंडी करायचा नाही. लेखी करायचा, पोस्टाने पाठवायचा आणि पोचपावती जपून ठेवायची. दुसरे, स्वतःच्या हाताने त्या दिवसाची नोंद काढायची: किती वाजता नेले, कोण भेटले, कुणाला किती वाजता फोन केला. मोबाइलमध्ये फोनच्या वेळा राहतात, त्या आधी उतरवून घ्यायच्या. कारण दुःखात माणसाला वेळ आठवत नाही, आणि पुढे कोर्टात सगळे वेळेवरच येऊन थांबते.

इथे बँकेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्जाच्या कागदाला मुदत असते. तीन वर्षांत कर्जदाराची नवी सही घेतली नाही तर कर्ज खरे असूनही दावा मेलेला. आम्ही साहेब मंडळी दर मार्चला त्या सह्यांसाठी खेडोपाडी फिरत असू. माणसाला आपले दुःख जुने झाले असे कधी वाटत नाही; कायद्याला वाटते. ग्राहक आयोगाकडे जायचे तर मुदत दोनच वर्षांची. उशिराला सबळ कारण दिले तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. बाळंतपणात मुलगी गेलेल्या घरात पहिले वर्ष वर्षश्राद्धापर्यंत असेच जाते. दुसरे वर्ष नातीच्या दुखण्या-खुपण्यात.

आता दरवाजे कोणते, ते पाहू. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे असे ठरवले. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात आरोग्यसेवेचा उल्लेख नाही म्हणून डॉक्टर त्यातून सुटले, असा एक युक्तिवाद पुढे झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२१ मध्ये फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो मानला नाही. तेव्हा पैसे मोजून उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे अशी अट नाही.

पण त्याच १९९५ च्या निकालाची दुसरी बाजू आमच्या जिल्ह्याच्या मुळावर येते. जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते, ते रुग्णालय ग्राहक कायद्याच्या बाहेर. केसपेपरचे पाच-दहा रुपये म्हणजे मोबदला नव्हे. आणि जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, गाडी सगळेच मोफत आहे. योजना उत्तमच आहे, तिने कित्येक दागिने वाचवले असतील. परंतु परिणाम असा की ज्या बाईने चाळीस हजार मोजले तिच्या माणसांना जवळचा दरवाजा, आणि लाखांदूर किंवा पवनीच्या ज्या मजूर बाईने काहीच मोजले नाही तिच्या माणसांना लांबचा: सरकारला दोन महिन्यांची नोटीस, मग दिवाणी कोर्ट, नाहीतर नागपूर खंडपीठात रिट. म्हणजे खोडवांचाच रस्ता. या रस्त्यावर एक आधार आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला आणि मुलाला, मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. आई गमावलेल्या तान्ह्या मुलीच्या नावानेही तो मागता येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ते कार्यालय असते.

फौजदारीचा रस्ता लोकांना सर्वांत आधी सुचतो आणि बहुधा तोच सर्वांत आधी बंद होतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने ठरवले की डॉक्टरला गुन्हेगार म्हणायचे तर हयगय ढोबळ, घोर स्वरूपाची हवी. तक्रार आली की लगेच अटक नाही, आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यायचे. वैद्यक परिषद परवाना निलंबित करू शकते, पैसा देऊ शकत नाही. आणि दवाखाना फोडणे हा तर २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने स्वतंत्र गुन्हाच आहे. तो मार्ग सुचवणाऱ्या शंभरांपैकी एकही जण पुढे तारखेला येत नाही, हे मी त्यांना वेगळे सांगितले.

हे सगळे लिहिताना मी डॉक्टरांच्या विरोधात उभा आहे असे कुणी समजू नये. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव जोराचा असेल तर दोन तासांत बाई जाते, आणि सगळे बरोबर करूनही जाऊ शकते. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, अशक्तपणा तर घरोघर. रात्री भूलतज्ज्ञ मिळत नाही, रक्ताची पिशवी मिळेपर्यंत नातेवाईक गोळा होत नाहीत. वाईट झाले म्हणजे कुणीतरी चुकलेच असे नसते. सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आले आहे. खोडवांच्या निकालातसुद्धा, एका डॉक्टरचे कौशल्य दुसऱ्यासारखे नसते आणि वाजवी काळजी घेतली असेल तर न्यायालयांनी निष्काळजीपणाचा शिक्का मारण्याची घाई करू नये, असे म्हटले आहे.

मग हयगय ओळखायची कशी? मला स्वतःला १९६८ चा एक पुण्याचा निकाल उपयोगी वाटतो. प्रकरण बाळंतपणाचे नाही. १९५३ साली रत्नागिरीकडच्या पालशेतच्या किनाऱ्यावर मांडी मोडलेल्या एका तरुणाचे, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. त्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण आपण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार करताना काळजी. लोक तिसऱ्या कर्तव्यावर भांडतात: इंजेक्शन कोणते दिले, टाका कुठे चुकला. ते घरच्या माणसाला कळणे कठीण. बाळंतपणात बहुतेक वेळा प्रश्न पहिल्या कर्तव्याचा असतो. ही बाई आपल्या दवाखान्यात ठेवावी, की जिथे रक्त आहे, भूलतज्ज्ञ आहे तिथे दिवसाउजेडी पाठवावी?

मोहाडीच्या खातेदारांचे कागद ७२ तासांत आले नाहीत, तीन आठवड्यांनी आले. ते मी ओळखीच्या एका निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले. रक्तस्राव ८ वाजून ४० मिनिटांनी दिसला, औषधे बरोबर दिली, क्रम बरोबर, त्यात मी काही चूक काढणार नाही, म्हणाले. मग त्यांनी पिशवीतले आशा सेविकेचे साधे कार्ड उचलले. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन ७.८. पुढे कुणाच्या तरी अक्षरात, जिल्हा रुग्णालयात बाळंतपण करावे. आणि प्रसूतिगृहाच्या कागदात शस्त्रक्रियेआधी रक्त तयार ठेवल्याची एक ओळसुद्धा नाही. गाडी निघाल्याची नोंद १० वाजून ५० मिनिटांची. "हे दोन प्रश्न आहेत," डॉक्टर म्हणाले, "रक्त नसताना सिझेरियन का घेतले, आणि दोन तास कशाची वाट पाहिली. उत्तर असेलही त्यांच्याजवळ. पण प्रश्न हेच." थोड्या वेळाने म्हणाले, मात्र साक्षीला मला बोलावू नका. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. परंतु जिथे लागते तिथे ती मिळवणे किती जड, ते त्या दिवशी मला कळले.

जिल्हा रुग्णालयात न्या, असे कार्डावर लिहिलेले असताना तिथे का नेले नाही, हे मी त्यांना विचारले. ते खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "बायको नाही म्हणे. तिथं लेकरं जळाली होती ना जी."

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. सगळा देश हळहळला. मुख्यमंत्री आले, चौकशी समिती बसली, अधिकारी निलंबित झाले, गुन्हा नोंदला गेला, राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये दिले. त्या मदतीसाठी आईबापांना दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, हे योग्यच झाले. पण दहा बाळे एका रात्री गेली म्हणून ते झाले, हेही खरे. पुण्यात २०२५ साली अनामत रकमेवरून एका गर्भवतीचे प्रकरण गाजले, तेव्हाही समित्या तातडीने बसल्या. एकटी गेलेली बाई कॅमेऱ्यात येत नाही.

आणि अशा बायका आता थोड्या आहेत. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. आशा, अंगणवाडी, १०८ ची गाडी, दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी, या सगळ्यांचे ते श्रेय आहे आणि ते दिले पाहिजे. आकडा इतका खाली आल्यावर एका जिल्ह्यात वर्षाला जे थोडे मृत्यू उरतात, त्यातल्या प्रत्येकाची सविस्तर हकिगत तयार करून घरच्यांच्या हाती देणे मुळीच अवघड नाही. किंबहुना हकिगत तयार होतेच! मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत २०१० पासून लागू आहे. प्रत्येक मृत्यूची माहिती गोळा होते, घरी जाऊन विचारपूस होते, दवाखान्याचे कागद मागवले जातात, जिल्हा पातळीवर आढावा होतो. त्या रात्री काय झाले, या प्रश्नाचे सरकारी उत्तर कुठेतरी एका फायलीत लिहिलेले असते. कुणाला शिक्षा करण्यासाठी ही चौकशी नाही, म्हणून ती गोपनीय. हे तत्त्व मला पटते. शिक्षेची भीती असेल तर नर्स खरे बोलणार नाही. पण नावे गाळून का होईना, कारणाची दोन पाने बापाला द्यायला काय हरकत आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही. ती मिळाली तर काही कुटुंबे दावा लावणारच नाहीत, आणि जी लावतील ती योग्य प्रश्न घेऊन लावतील.

मोहाडीच्या कुटुंबाचा निर्णय झालेला नाही. त्यात एक गाठ अशी की वारस म्हणून पहिला हक्क नवऱ्याचा आणि मुलीचा. बिल भरणाऱ्या, पिशवी सांभाळणाऱ्या बापाचा नंतर. जावयाचे दुसरे लग्न ठरते आहे आणि त्याला कोर्टकचेरी नको आहे. मुदत पुढच्या वर्षी संपते. तारीख मी त्यांच्या पिशवीतल्या कार्डाच्या मागे लिहून दिली आहे.

जिल्हाधिकाऱ्यांसमोरच्या आढाव्याची रीत मात्र सांगायची राहिली. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मृत बाईबरोबर दवाखान्यात असलेल्या एक-दोन नातेवाइकांना तिथे बोलावतात. त्यांना आधी बोलू देतात, त्यांची कहाणी ऐकून घेतात. मग त्यांना बाहेर पाठवले जाते आणि डॉक्टरांबरोबरची चर्चा सुरू होते.